मागणी कोणाची धरायची: ऊर्जा-नियोजनाच्या एका संशोधनपदाचा अनुभव

विकसनशील देशांसाठी न्याय्य आणि कमी कार्बनचे ऊर्जा-नियोजन या विषयावरील संशोधन-सहयोगीच्या पदाची जाहिरात मी वाचली, तेव्हा तिच्यातील अर्हतांच्या यादीपाशीच बराच वेळ अडकून राहिले. एकीकडे ऊर्जा-व्यवस्थेची गणिती मॉडेले बांधण्याचा अनुभव मागितला होता. दुसरीकडे शासकीय अधिकारी, वीजकंपन्यांचे अभियंते आणि वीज न पोचलेल्या वस्त्यांतील रहिवासी यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे पद्धतशीर विश्लेषण करण्याचे कौशल्य अपेक्षित होते, आणि त्याशिवाय भागीदार देशातील संस्थांना प्रशिक्षण देण्याची तयारीही. एरवी ही कामे विद्यापीठाच्या वेगवेगळ्या विभागांत, एकमेकांशी फारशी न बोलणारी माणसे करतात. माझी पीएच.डी. ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, स्थैर्यावरची असल्यामुळे यादीतला पहिला भाग मला जमण्यासारखा होता; उरलेल्या भागासाठी मला काही महिने तयारी करावी लागली आणि त्या तयारीमुळेच या क्षेत्राकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

विषयाचे मूळ दोन आकड्यांत आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी माणसांच्या घरी आजही वीज नाही, आणि जगाच्या आजवरच्या ऊर्जाजन्य कार्बन उत्सर्जनात संपूर्ण आफ्रिका खंडाचा वाटा ३ टक्क्यांहून कमी आहे. ज्यांनी हवामान बिघडवले नाही त्यांनाच आता वीज हवी आहे, आणि ती कमीत कमी कार्बन सोडून उभारावी असा जगाचा आग्रह आहे. हा आग्रह रास्त आहे असे मी मानते. परंतु त्याचा खर्च, त्याची जोखीम आणि त्यापायी होणारा उशीर कोणाच्या वाट्याला येतो, हे आराखडा करतानाच ठरत असते, आणि म्हणून आराखडा करणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

अर्जासोबत एक निवेदन द्यायचे होते. प्रत्येक आवश्यक अर्हता आपण कशी पूर्ण करतो हे त्यात पुराव्यानिशी मांडायचे असते आणि निवड समिती त्या पुराव्यांनाच गुण देते, त्यामुळे ‘मला या विषयाची आवड आहे’ अशा वाक्यांना तेथे काहीही किंमत नसते. मी ओसेमोसिस हे मुक्त मॉडेल विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांतून शिकले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या मॉडेलला परवाना-शुल्क लागत नाही, आणि साध्या संगणकावरही ते चालते. त्याचे काम सांगायला सोपे आहे: पुढील तीस-चाळीस वर्षांची मागणी, उपलब्ध तंत्रज्ञाने, त्यांचे खर्च, त्यांच्या मर्यादा आणि उत्सर्जनाची अट हे सारे द्यायचे, मग आजच्या मूल्यात मोजलेला एकूण खर्च सर्वांत कमी होईल अशा रीतीने कोणते वीजकेंद्र कोणत्या वर्षी उभारावे हे मॉडेल सांगते. एका छोट्या मॉडेलवर हात चालवताना माझ्या ध्यानात आले की या सगळ्यात मागणी हा बाहेरून दिलेला आकडा आहे. मॉडेल ती भागवते. ती योग्य आहे की नाही याची चौकशी ते करत नाही. हेच निरीक्षण मी निवेदनाच्या मध्यभागी ठेवले, आणि अर्ज पुढे सरकण्यात त्याचा वाटा होता असे मला वाटते.

मुलाखतीपूर्वी एक काम दिले गेले. एका काल्पनिक देशाच्या मॉडेलचे दोन निकाल समोर ठेवले होते. पहिल्यात खर्च कमी, पण ग्रामीण भागात वीज उशिरा पोचत होती. दुसऱ्यात खर्च थोडा अधिक, पण सर्व प्रांतांत ती लवकर पोचत होती. अर्थ मंत्रालयातील, मॉडेलांशी परिचय नसलेल्या अधिकाऱ्यापुढे आपण बोलत आहोत असे समजून हे निकाल थोडक्यात मांडायचे होते. माझी मांडणी संपल्यावर समितीतील एका सदस्याने विचारले की पहिल्या निकालातही अखेरच्या वर्षी ‘शंभर टक्के घरांना वीज’ असे लिहिलेले आहे, मग तक्रार नेमकी कशाची?

या प्रश्नाचे उत्तर देताना मला जागतिक बँकेच्या ‘ईस्मॅप’ या कार्यक्रमाने २०१५ मध्ये मांडलेल्या बहुस्तरीय चौकटीचा उपयोग झाला. घरात वीज आहे की नाही एवढेच न विचारता ही चौकट शून्य ते पाच असे स्तर लावते. पहिल्या स्तराला दिवसाला १२ वॅट-तास पुरतात, म्हणजे एखादा दिवा आणि मोबाइलचे चार्जिंग. तिसऱ्या स्तराला दिवसाला १ युनिट लागते, तर पाचव्याला ८.२ युनिटे. तळाच्या आणि वरच्या स्तरांत सुमारे ६८० पटींचे अंतर आहे आणि दोन्ही घरांची नोंद ‘वीज आहे’ अशीच करता येते. दहा लाख घरांसाठी पहिला स्तर धरला तर वर्षाला सुमारे ४४ लाख युनिटे लागतात, तिसरा धरला तर साडेछत्तीस कोटी. गावासाठी कोणता आकडा लिहायचा हे एकदा ठरले की सौरदिवा वाटायचा की वाहिनी न्यायची हे मॉडेलच्या दृष्टीने जवळजवळ ठरूनच जाते. म्हणून मागणीचा तक्ता कोणी भरला आणि कोणाला विचारून भरला हे मी आधी पाहीन, असे मी समितीला सांगितले.

शेवटी मला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तेव्हा भागीदार देशातील संशोधकाचे वेतन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आहे का, असे मी विचारले. न्याय्य नियोजनावरचे संशोधन करताना सगळी पगारी पदे श्रीमंत देशातील विद्यापीठात ठेवायची आणि तिकडच्या सहकाऱ्याला केवळ प्रवासखर्च द्यायचा, ही रीत या क्षेत्रात अपरिचित नाही. येथे निदान एका पदाची तरतूद होती. अशा जागेसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्या उत्तरावरून प्रकल्पाचा खरा कल कळतो.

निवडीनंतरचे कागदोपत्री सोपस्कार नेहमीचेच होते आणि त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. फक्त करार ठरावीक मुदतीचा आणि निधीशी बांधलेला होता, एवढे येथे नोंदवते. त्याचा संदर्भ पुढे येईल.

काम आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झांबिया या देशाचे होते. साधारण पावसाच्या वर्षी या देशाची चार-पंचमांशाहून अधिक वीज जलविद्युत केंद्रांतून येते, आणि एकूण विजेपैकी जवळपास निम्मी तांब्याच्या खाणींना लागते. कागदावर पाहिले तर ही जगातल्या स्वच्छ वीज-व्यवस्थांपैकी एक आहे. २०२४ च्या अवर्षणाने या स्वच्छतेची दुसरी बाजू दाखवली. पाऊस गेला, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, झांबेझी नदीवरील करिबा धरणाच्या जलाशयातील वापरण्याजोगा साठा अगदी तळाला गेला आणि अनेक वस्त्यांत दिवसातून मोजके तासच वीज राहिली. त्या वर्षाच्या नोंदी हाताळताना मला पुन्हा पुन्हा जाणवले की सरासरी पावसावर बांधलेला आराखडा हवामान-बदलाच्या काळात पुरेसा नाही. मॉडेलमध्ये नदीचा प्रवाह एकच धरण्याऐवजी कोरड्या वर्षांची मालिका वेगळी चालवावी लागते, आणि ती चालवली की सौर ऊर्जा, साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि शेजारी देशांशी जोडणाऱ्या वाहिन्या यांचे मोल एकदम वाढते.

मागणीचा तक्ता भरण्याचे काम सर्वांत अधिक वेळ घेणारे ठरले, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही. प्रचलित पद्धतीत मागील वर्षांचा वीजवापर घेऊन त्यावर लोकसंख्या आणि आर्थिक वाढीचे दर लावतात. जेथे वीजच नव्हती तेथे मागील वापर शून्य. शून्याला कोणत्याही दराने वाढवले तरी शून्यच राहते. भारनियमनाच्या काळातील नोंदीही फसव्या असतात, कारण लोकांना हवी होती तेवढी वीज त्यांत दिसत नाही, मिळाली तेवढीच दिसते. ही दबलेली मागणी धरायची कशी, यावर लुसाका या राजधानीतील बैठकांत पुष्कळ चर्चा झाली. तिथल्या अभियंत्यांचा आक्षेप वजनदार होता. मागणी फुगवली तर वीजकेंद्रे रिकामी पडून राहतात आणि त्यांच्या स्थिर खर्चाचा बोजा ग्राहकांवर येतो. घानाने गरजेपेक्षा अधिक क्षमतेसाठी ‘वीज घ्या अथवा पैसे भरा’ स्वरूपाचे करार केले आणि त्याची किंमत देशाला अनेक वर्षे मोजावी लागली. हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नव्हता. आम्ही अखेरीस घरांची मागणी दुसऱ्या स्तरापासून सुरू करून वर्षांगणिक तिसऱ्या आणि चौथ्या स्तराकडे नेली, आणि तिच्या जोडीला गावातील उत्पादक वापर स्वतंत्रपणे मोजला: मका दळण्याची गिरणी, सिंचनाचा पंप, आरोग्यकेंद्रातील लशींचे शीतकपाट. डिझेलवर चालणारी गिरणी विजेवर आली तर गावाची मागणी दिवसा वाढते, आणि दिवसाची मागणी सौर ऊर्जेला सोयीची असते. घरांपुरता विचार केला असता ही गोष्ट आराखड्यात आलीच नसती.

स्वयंपाकाच्या इंधनाविषयी मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वीज-नियोजनात त्याला बहुधा जागाच नसते. झांबियाच्या शहरांत लाकडापासून केलेला लोणारी कोळसा मोठ्या प्रमाणावर वापरला जातो आणि ‘म्बाउला’ नावाच्या शेगडीवर अन्न शिजते. ज्यांच्या घरी विजेची शेगडी आहे ते लोकही भारनियमन वाढले की पुन्हा कोळशाकडे वळतात. कोळशाची मागणी वाढते, जंगल तुटते, आणि घरातला धूर मुख्यतः बायका आणि लहान मुले यांच्या फुप्फुसांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० या वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. वीजक्षेत्राचे उत्सर्जन वेगळ्या रकान्यात आणि जंगलाचे वेगळ्या रकान्यात मोजले, तर दुष्काळाच्या वर्षी वीजक्षेत्र ‘स्वच्छ’च राहते आणि हे सारे नुकसान त्याच्या हिशेबाबाहेर पडते. म्हणून आम्ही स्वयंपाकाची मागणी वीजक्षेत्राच्या मॉडेलला जोडली आणि वीज न मिळालेल्या प्रत्येक तासाचा कोळशातील हिशेब त्याच तक्त्यात आणला. न्याय आणि कार्बन या दोन वेगवेगळ्या उद्दिष्टांत तडजोड करावी लागते असे वारंवार सांगितले जाते. येथे ती दोन्ही उद्दिष्टे एकाच दिशेने जात होती.

दुसरा निर्णायक आकडा म्हणजे डिस्काउंट रेट, म्हणजे भविष्यातील खर्च आजच्या मूल्यात आणताना लावला जाणारा दर. तो निकालावर केवढा परिणाम करतो हे समजावून देण्यासाठी मी प्रशिक्षणात एक साधे उदाहरण वापरत असे. समजा, एका किलोवॉटच्या सौर प्रकल्पाला १,००० डॉलर लागतात आणि तो २५ वर्षे चालतो. भांडवल ५ टक्क्यांनी मिळाले तर त्याचा वार्षिक हप्ता सुमारे ७१ डॉलर पडतो; १५ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे १५५ डॉलर. ऊन तेच, पॅनेल तेच, केवळ कर्जाचा दर बदलला आणि वीज दुपटीहून महाग झाली. डिझेलच्या जनरेटरला सुरुवातीचे भांडवल कमी आणि इंधनाचा खर्च पुढे पसरलेला असल्यामुळे चढ्या दराचा फटका त्याला कमी बसतो. विकसनशील देशांत भांडवलाचा दर श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. परिणामी ज्या देशांनी स्वच्छ मार्ग धरावा अशी अपेक्षा आहे, त्यांच्यासाठीच तो मार्ग सर्वांत महाग होऊन बसतो. झांबियाने हवामानविषयक पॅरिस करारांतर्गत दिलेल्या वचनातही हीच अवस्था दिसते: मर्यादित आंतरराष्ट्रीय मदत मिळाल्यास २०३० पर्यंत उत्सर्जनात २५ टक्के घट, भरीव मदत मिळाल्यास ४७ टक्के. या दोन आकड्यांमधले अंतर बरेचसे पैशाच्या किमतीचे आहे, आणि म्हणून आमच्या अहवालात प्रत्येक निकाल वेगवेगळ्या दरांवर दाखवण्याचा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही.

मुलाखतींचा भाग करिबा जलाशयाकाठच्या ग्वेम्बे खोऱ्यात झाला. करिबा धरण १९५९ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयासाठी झांबेझी नदीच्या दोन्ही काठांवरील मिळून सुमारे ५७,००० टोंगा लोकांना आपली जमीन सोडावी लागली. वीज खाणींकडे आणि शहरांकडे गेली. धरणग्रस्तांच्या अनेक वस्त्यांत ती आजही पोचलेली नाही. नैतिकता समितीच्या मान्यतेसाठी संमतीपत्र टोंगा भाषेत करून घेणे, दुभाषा गावाशी परिचित पण कोणत्याही अधिकारपदावर नसलेला निवडणे, स्त्रियांशी वेगळे बोलण्याची सोय करणे, ही सारी पूर्वतयारी कंटाळवाणी वाटते, परंतु ती नीट केल्यामुळेच माणसे मोकळेपणाने बोलली असे मला वाटते. सौर की जलविद्युत, यात त्यांना फारसा रस नव्हता. मासळी साठवायला बर्फ हवा, बागायतीला पाणी चढवायला पंप हवा, जलाशयाची पातळी कधी खाली उतरवली जाणार हे आधी कळायला हवे, आणि गावासाठी काही ठरत असेल तर ठरण्यापूर्वी विचारायला यावे, या त्यांच्या अपेक्षा होत्या. ऊर्जा-न्यायाच्या अभ्यासात लाभ-हानीची वाटणी, दुर्लक्षित समूहांची दखल आणि निर्णय-प्रक्रियेतील सहभाग अशी तीन अंगे मानतात. ही तीनही अंगे त्या बोलण्यात होती, आणि त्यांतले पहिले तेवढे आकड्यांत सहज बसते.

जे बसते ते तरी पक्के बसवावे म्हणून आम्ही ठरावीक वर्षापर्यंत प्रत्येक प्रांतातील घरांना किमान दुसरा स्तर मिळालाच पाहिजे, अशी अट मॉडेलमध्ये घातली. अशा अटीचा लाभ असा की तिची किंमत उघड होते; ती काढली तर एकूण खर्च किती घटतो हे मॉडेल स्वतःच सांगते, आणि मग तेवढ्या रकमेसाठी एखाद्या प्रांताला थांबवून ठेवायचे का हा निर्णय जबाबदार व्यक्तींना सर्वांसमक्ष घ्यावा लागतो. खर्चाच्या समीकरणात न्यायासाठी एखादा गुणक मिसळण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण गुणक कोणाला दिसत नाही आणि तो हळूच बदलताही येतो. सहभागाचे अंग मात्र समीकरणाबाहेरच राहिले. त्यासाठी आम्ही मुलाखतींचा सारांश टोंगा भाषेत गावांना परत दिला आणि त्यावर आलेल्या दुरुस्त्या गृहीतकांच्या नोंदवहीत लिहिल्या.

ही नोंदवही अधिकृत कामाचा भाग होती. ऊर्जा-मॉडेलांच्या क्षेत्रात ‘यूफोरिया’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. विदा (डेटा) मिळवता यावी, पुन्हा वापरता यावी, निकाल दुसऱ्याला पुन्हा काढता यावेत, तपासणी करता यावी आणि हे सारे त्या देशाच्या समाजाला सोबत घेऊन व्हावे, असा त्यांचा आशय आहे. याचे महत्त्व कळायला फार लांब जावे लागत नाही. बाहेरच्या सल्लागाराने महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आराखडा परवान्याची मुदत संपली की उघडतच नाही, आणि मग पुढच्या सल्लागाराला पुन्हा पैसे मोजावे लागतात. आम्ही प्रत्येक आकड्याशेजारी तो कोठून आला, कोणी बदलला आणि का बदलला हे लिहिले. लुसाकातील सहकारी संशोधिका या बाबतीत माझ्याहून कठोर होती. उगमाची नोंद नसलेला आकडा ती तक्त्यात राहूच देत नसे.

अशा पदांची अस्थिरता येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा कामावर थेट परिणाम होतो. या संशोधनाचा मोठा भाग श्रीमंत देशांच्या विकास-मदतीवर चालतो. ब्रिटनने २०२१ मध्ये ही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा चालू संशोधन-प्रकल्पांचा निधीही मध्येच कापला गेला. २०२५ मध्ये ती २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. तीस वर्षांच्या आराखड्याचे काम दोन-तीन वर्षांच्या करारांवर चालते. माणूस जाणार हे गृहीत धरूनच काम आखावे लागते, आणि म्हणून मी प्रशिक्षण अखेरीला न ठेवता सुरुवातीपासून घेतले. शोधनिबंधावर लुसाकातील सहकारिणीचे नाव प्रथम असावे हेही सुरुवातीलाच लेखी ठरवून घेतले. निबंध तयार झाल्यावर या गोष्टी बोलणे सर्वांनाच अवघड जाते.

माझा करार सध्या मर्यादित मुदतीसाठी वाढला आहे. मागणीचा तक्ता आता लुसाकातील गट स्वतः अद्ययावत करतो, कोरड्या वर्षांच्या मालिकाही तेथेच चालवल्या जातात, आणि माझ्याकडे बहुतांश वेळा तपासणीचे काम असते. पुढचा प्रश्न वीजदराचा आहे. देशाला एकूण खर्च किती पडेल हे मॉडेल सांगते. त्यातले खाणींनी किती द्यायचे, शहरातील घरांनी किती आणि नव्याने जोडलेल्या गावांनी किती, याचे उत्तर त्यात नाही. त्यासाठी प्रांतनिहाय देयकांची माहिती आणि घरांचे उत्पन्न एकत्र मांडण्याचे काम आम्ही नुकतेच हाती घेतले आहे.